गडकरणीचा शेवट

निमगाव केतकी, शके १८५८, चैत्र व. ४

शाळा सकाळची. दुपारी पुन्हा सुंदराच्या मळ्यातल्या मांडवात. बाया विड्याची पानं निवडून करंड्या भरतात, मी कादंबरी वाचते. दादानं बारामतीहून पाठवलेली. गडकरी लढाईत पडला, दोन लहान मुलं पदरात, त्याची बायको गड लढवतेय. आज शत्रूनं गडाचं पाणी तोडलं. तिथंच थांबले तर सुंदरा चिडली. "बाई, गड ऱ्हातो का न्हाय, येवढं तरी सांगा." म्हटलं, धीर धर.

नवरा गेल्यापासून पानमळा ती एकटी सांभाळते. दीर रंगराव म्हणतो, पोरं घेऊन माहेरी जा, मळा मी बघतो. बघेल हो, चांगलाच बघेल!

व. ७

शेवट आधी वाचून घेतला. गडकरीण कड्यावरून उडी घेते. लिहिणाऱ्याचा असा संताप आला! सुंदरापुढे हे वाचायचं? छे. बदलून सांगणार. तिथं वाचता येतंय कुणाला, आणि समजा कळलंच तर...

व. ८

रंगरावानं मोटेचे बैल सोडून नेले. विहीर सामाईक, पण बैल त्याचे. या उन्हात पाण्यावाचून पानवेल किती तग धरणार? सुंदरा म्हणाली, "तुमी वाचा."

शेवट बदलायचा ठरवला होता. पण ती तोंडाकडे बघत होती, जमेना. होतं तसं वाचलं. पानं निवडणाऱ्या म्हाताऱ्या धोंडाईनं पदर डोळ्याला लावला. सुंदरा मात्र फणकारली, "खोटं हाय. बारकी पोरं वर ठिवून कोन उडी मारतंय? लिवनारा बाप्या असंल!"

हसूही आलं, रडूही.

व. १०

संध्याकाळी सगळ्या बाया घागरी, दोर घेऊन विहिरीवर. मीही गेले. लगेच तळहात सोलले, बाया हसल्या. रंगराव बांधावर. "बाई, तुमी शाळंपुरतं बघा." म्हटलं, "शाळा सुटली, रंगराव." धोंडाई त्याची चुलती. त्याच्या देखत वेलाच्या बुडाशी घागर ओतून म्हणाली, "ह्याला म्या न्हाऊ घातलाय. मला काय सांगतुया?" गेला बांध उतरून. फार बरं वाटलं.

व. १३

खालची पानं पिवळी, शेंडे हिरवे. उद्या देवळात मळ्याच्या निवाड्याला पंच बसणार, रंगरावानंच बोलावलेत. माझ्या बदलीसाठीही खटपट चालवली आहे म्हणे. चालवू दे.

सुंदराला विचारलं, काय बोलायचं ते लिहून देऊ? "नगं. माजं मी बोलते. तुमी निस्तं शेजारी बसा." मी बसणार.

निघताना मागून हाक मारली, "बाई, पंच कायबी म्हनूंदे, सांच्याला घागर घिऊन या."

दोर झिजलाय. सकाळी नवा बघायला हवा.