भुताला पाणी विचारल्याबद्दल

ॲन आर्बर, मिशिगन
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

ती. पद्मिनीताईस,

अरुणचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. तुझी पाठ, ऑपरेशन झालेला डोळा आणि गच्चीवरची कढीपत्त्याची कुंडी, तिघंही बरी असतील असं धरून चालतो. इकडे शुभा ठीक आहे. यतीन ऑफिसात असतो आणि घरी आला की ऑफिस त्याच्या डोक्यात असतं. एप्रिल उजाडला तरी बर्फ पडतोय (चाळीस वर्षं मिरजेत भूगोल शिकवताना मी मुलांना मिशिगनबद्दल जे सांगितलं, त्याची आता क्षमा मागावीशी वाटते). पत्र आपलं सहज लिहितोय, काम काही नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर हल्ली आपले फोन दोन मिनिटांत आटोपतात (तब्येत बरी का, बरी, सिलिंडर आला का, आला) आणि ही हकीकत दोन मिनिटांत मावणारी नाही. थोडक्यात सांगायचं तर वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी अमेरिकेत जपानी संन्यासी झालो, आणि भर प्रयोगात भुताला पाणी विचारलं.

त्याचं झालं असं. यतीनची इशिता (तीच, जिने तुझ्याकडे पुरणपोळीला केचप मागितला होता) इथे कॉलेजात नाटक शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेला पेपर नसतो, आख्खं नाटक बसवायचं असतं. तिने निवडलं नोह. नोह म्हणजे जपान्यांचं सहाशे वर्षांपासूनचं, मुखवटे घालून करायचं नाटक, त्यात भुतंखेतं फार. यतीनने अट घातली होती, की प्रोफेसरबाईंनी वाखाणलं तर पुढेही नाटकच शिक, नाहीतर मुकाट्याने डेटा सायन्स. त्यामुळे महिनाभर घरात बारावीच्या परीक्षेचं वातावरण होतं आणि टीव्हीचा आवाज बंद होता.

आता त्यांचं भूत आपल्यासारखं नसतं. आपलं भूत झाडावर बसतं, मानगुटीवर बसतं, निदान कोंबडं तरी मागतं. त्यांचं भूत हळूहळू चालत येतं आणि गाऱ्हाणं सांगतं. वाटेत एक संन्यासी बसलेला असतो, तो ऐकून घेतो. उजाडतं आणि भूत सुटतं. संपलं नाटक. इशिताने गोष्ट स्वतः लिहिली होती. नदीच्या उतारावर नावाड्यांसाठी दिवा राखणारी एक बाई. बारा वर्षं तिने दिवा राखला, एकदाच विझला, आणि नेमकी तेव्हाच नाव बुडाली. गावाने बोल लावला, ती झुरून गेली. दिवा का विझला हे तिला कुणी विचारलंच नाही, एवढंच तिचं गाऱ्हाणं.

एवढी साधी गोष्ट, पण अमेरिकन प्रेक्षकाला पचवायची म्हणजे काय विचारतेस. भुताला नुसतं स्टेजला जोडलेल्या लाकडी पुलावरून यायला पंधरा मिनिटं लागतात, ती इशिताने छाटून नऊ केली. मग काही लोकांना तालीम दाखवून फॉर्म भरून घेतले. एकाने लिहिलं, भूत कधी येणार? (तोवर ते येऊन, बोलून, गेलंही होतं.) दुसरीने लिहिलं, या बाईने वेळेवर थेरपिस्ट गाठायला हवा होता. यतीनने लॅपटॉपवर भुताचा फ्लोचार्ट काढला आणि म्हणाला, "इशू, घोस्टचं गोलच क्लिअर नाही यार." कुणाच्या तरी सल्ल्याने धुराचं मशीन आणलं, तर पहिल्याच दिवशी अलार्म वाजून आगीचे दोन बंब आले. मुखवटा घातलेली भुताची नटी मेगन (सहा फूट उंच, कॉलेजच्या होड्या वल्हवते) स्टेजवर तशीच उभी होती. तिला बघून एका बंबवाल्याने हेल्मेट काढून हातात घेतलं. ज्याच्यावर परिणाम झाला असा तो एकच माणूस, असं इशिताचं मत होतं.

अशात संन्याशाचं काम करणारा मुलगा नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी व्हर्जिनियाला हर्नडनला गेला आणि तिकडेच चिकटला. प्रयोगाला दहा दिवस. हवा होता टक्कल असलेला आणि पाऊण तास मांडी घालून बसू शकणारा माणूस. टक्कल इथे मुबलक आहे, पण मांडी म्हणशील तर गोऱ्या मुलांचे पाय दहाव्या मिनिटाला बधिर होतात. इशिता जेवताना माझ्याकडे टक लावून बघायला लागली तेव्हाच मी ओळखलं.

काम ऐकायला सोपं होतं. सुरुवातीला इंग्रजीत चार वाक्यं, पुढे नुसतं ऐकायचं. पण ताई, तू मला ओळखतेस. कुणी काही सांगायला लागलं की माझ्या तोंडून हं निघतं, मग अरेरे निघतं, आणि तिसऱ्या वाक्याला सल्ला निघतो. पहिल्या तालमीत मेगन म्हणाली दिवा विझला, आणि मी विचारलं, तेल संपलं होतं का? इशिता म्हणाली, "आजोबा, नो हं, नो अरेरे. यू जस्ट लिसन." घरी शुभासमोर सराव केला. तिने शेजारच्या प्रतिमाची सगळी कहाणी सांगितली, मी चकार शब्द काढला नाही. ती म्हणाली, पन्नास वर्षांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. (मला हे जरा लागलं.)

काल, शनिवारी संध्याकाळी प्रयोग झाला. शंभरेक माणसं, पहिल्या रांगेत प्रोफेसरबाई, त्यांच्यामागे हाताची घडी घालून यतीन. दारावर पाटी, की या नाटकात शोक, पाणी आणि संथपणा आहे. भगव्याऐवजी काळ्या वस्त्रात मी खांबाशी बसलो. मांडीआड एक छोटा तांब्या-भांडं लपवलेलं होतं, कारण माझी गुडघ्याची गोळी नेमकी त्याच वेळेची असते. मेगन आली, नऊ मिनिटांत आली. लाकडी मुखवटा, पण काय सांगू, मान जरा खाली घातली की तो रडल्यासारखा दिसतो. पस्तीस मिनिटं मी हूं की चूं केलं नाही. मग ती म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. आणि मला राहवलं नाही. एवढ्या लांबून चालत आलेली बाई, घसा कोरडा करून बोलतेय, आणि मी ढिम्म बसलेला. मी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, पुढे केलं आणि चक्क मराठीत विचारलं, "का विझला गं?" मग आठवण झाली म्हणून इंग्रजीतही विचारलं.

विंगेत इशिताने दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले मला दिसले. संहितेत या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. ढोलकीवाला थांबला. मेगन हळूहळू माझ्यासमोर खाली बसली, दोन्ही हातांनी भांडं घेतलं आणि म्हणाली, "आय फेल अस्लीप." बस, तेवढंच. माझा डोळा लागला होता. त्यापुढचा नाच तिने केलाच नाही. हॉलमध्ये एवढी शांतता, की माझ्या गुडघ्याचा आवाज मागच्या रांगेत गेला असेल.

तर प्रोफेसरबाईंनी वाखाणलं. पाणी देण्याची कल्पना फार धाडसी म्हणाल्या. यतीन डेटा सायन्सबद्दल अजून काही बोललेला नाही. इशिता आधी माझ्याशी दोन तास अबोला धरून होती, मग म्हणाली, उद्याच्या प्रयोगातही पाणी दे, पण गोळी आधी घे. नंतर तिने विचारलं, पण आजोबा, तू तो प्रश्न का विचारलास? मी गुडघ्यांवर ढकललं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या शोभनाकाकूंनी गुडघ्यांचं तेवढं ऐकून माझ्यासाठी ताक आणलं, म्हणजे माझं बरं चाललं आहे. तुझ्याकडून काही नको. तब्येतीला जप, कुंडीला जप.

तुझा धाकटा (आणि आता अधिकृतपणे मुका)
अरुण

ता. क. १ : पत्र घेऊन येणारा प्रसाद यतीनचा मित्र आहे, सांगलीचा. तो परतताना मेतकूट दे. शुभाने लिहायला सांगितलं.

ता. क. २ : पत्र सहज लिहितोय, काही नको, असं वर लिहिलं ते खोटं आहे. ताई, आई न्हाणीघरात पडली त्या दुपारी तू फोन केलास, तेव्हा मी विचारलं, पण तू कुठे होतीस? तू म्हणालीस, "अरे, माझा जरा..." आणि पुढचं मी तुला बोलूच दिलं नाही. हाडाचा डॉक्टर कुठला, चटई कसली, कडी कशी, सगळं मीच सांगत सुटलो. अकरा महिने तू एकटीने आईचं केलंस, आणि मी साता समुद्रापलीकडून तुला शिकवत होतो. ते वाक्य तीन वर्षं माझ्याकडे अर्धंच पडलं आहे. मला त्याची फार लाज वाटते. पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी तुझ्या संध्याकाळी सहाला एक मिस्ड कॉल दे (इथे सकाळचे साडेआठ असतात, घर झोपलेलं असतं). मी लगेच फोन लावतो. ते वाक्य पुरं कर, आणि त्याच्या मागचं-पुढचंही सांग. कितीही वेळ लागू दे.

ता. क. ३ : हं म्हणायची सवय आता मोडली आहे. तेव्हा बोलता बोलता माझ्याकडून काहीच आवाज आला नाही, तर लाइन गेली समजून फोन ठेवू नकोस. मी असेन.