विहिरीवरचं वायफाय

६ ऑक्टोबर, सोमवार

आलो एकदाचा नाशिकला! पुण्यातल्या खुराड्यातून सुटका झाली. मखमलाबादच्या पुढं, झेंडूच्या मळ्यात घर आहे. वरची अख्खी खोली माझी, तीन खिडक्या, वाऱ्याला तोटा नाही. खाली मालक खंडेराव आणि त्यांची विधवा भावजय कुसाबाई राहतात. माणसं साधी, म्हणजे घरी बसून लॅपटॉप बडवणाऱ्याला कलेक्टर समजणारी. आल्या आल्या चहा मिळाला. चहात साखर होती की साखरेत चहा, ते कळलं नाही.

ही रोजनिशी हातानं लिहितो आहे. कंप्युटरवर लिहिलेलं कधीच खासगी राहत नाही. हे ज्यांना कळतं ते माझा धंदा करतात, बाकीचे बायकोच्या वाढदिवसाचा केक अख्ख्या गावाला दाखवतात.

वायफायचा डबा माझ्याच खोलीत भिंतीवर आहे. ही खोली कुसाबाईंच्या नवऱ्याची, देवरामची. मार्चमध्ये तो विहिरीच्या कठड्यावर बसल्या बसल्या हार्ट अटॅकनं गेला. डबा त्यानंच बसवून घेतला होता. आणि त्याला पासवर्डच नाही! येणारा-जाणारा कुणीही आत. मी हसलो. खंडेरावही हसले, कशाला ते त्यांना कळलं नसावं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डब्याशी कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी लॅपटॉपवर दिसते. दुपारी चारला बघतो तर एकोणीस फोन! खिडकीतून खाली पाहिलं. फुलं तोडायला हरसूलकडून आलेल्या बायका चहाच्या सुट्टीत विहिरीपाशी बसून पोरांशी व्हिडिओवर बोलत होत्या. मळ्यात रेंज येत नाही, म्हणून ही धर्मशाळा. त्यांची म्होरकी नवसाबाई तर अशी ओरडते, की फोन नसता तरी हरसूलला ऐकू गेलं असतं.

यादीत एक नाव ‘देवराम’ होतं. मेलेल्याचा फोन कुणीतरी वापरत असणार. या लोकांत काही वाया जात नाही.

पण मला ही गंमत परवडणारी नाही. मी बँकांचा डेटा हाताळतो. जूनमध्ये कॅफेच्या वायफायवरून काम केलं म्हणून ऑफिसनं एक ताकीद दिलीच आहे. येत्या १७ तारखेला चार वाजता घरच्या नेटवर्कची तपासणी आहे. माझ्या नेटवर्कवर एक जरी परका फोन सापडला तर नोकरी गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

झालं काम. डब्याला चोवीस अक्षरांचा पासवर्ड ठोकला. वर व्हीपीएन बसवलं. कुणा अडाण्याच्या हाती ही वही पडली तर त्याच्यासाठी लिहितो: व्हीपीएन म्हणजे माझ्या खोलीतून थेट ऑफिसात जाणारा बंद बोळ. त्याची किल्ली एकच, ती माझ्या लॅपटॉपमध्ये. बाहेरच्याला आत काय चाललंय ते दिसत नाही आणि शिरताही येत नाही.

खंडेराव वर आले. म्हणाले, दादा, पासवर्ड नका लावू, आमच्यात चालत नाय. मी भाडेकरार दाखवला. इंटरनेटचा ताबा माझ्याकडे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. न वाचता सही करायची आणि मग डोकं खाजवायचं. मान खाली घालून गेले.

चारला बायका फोन डोक्यावर धरून मळाभर फिरत होत्या. बघण्यासारखं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज कुसाबाई आल्या. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, पुण्यात मित्रांना ऐकवायला उपयोगी पडेल.

देवरामच्या दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे ढीगभर, खाली एक उतरेना. खंडेरावांनी हात जोडून सगळं कबूल केलं. वहिनीला अंतर देणार नाही, मळा विकणार नाही. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मागून नवसाबाई म्हणाली, अहो, वायफायचं बोला. खंडेराव म्हणाले, दादा, तुझ्या वायफायला कधी कुलूप लावणार नाय, बायांना पोरांशी बोलू दिऊ. त्यासरशी तीन कावळे एकदम पिंडावर!

ब्रॉडबँडच्या हमीवर पिंडाला शिवणारा कावळा जगात फक्त नाशकात सापडेल. मी म्हटलं, शब्द खंडेरावांनी दिला, मी भाडेकरू, माझा काय संबंध? कुसाबाई चिडल्या नाहीत. मग तसं आमच्या ह्यांना सांगा, एवढंच म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चार वाजता यादीत तीन नावं: माझा लॅपटॉप, माझा फोन आणि देवराम.

पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कुणीतरी हुशारी करतोय. इथं कुणी हुशार असेल असं वाटलं नव्हतं. फोन ब्लॉक केला. दहा मिनिटांत परत आला.

फोन डब्यापासून किती लांब आहे, त्याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. आकडा जितका लहान तितका फोन जवळ. पहिल्यांदा ८१ होता, म्हणजे साधारण विहीर. ब्लॉक करून परत आला तेव्हा ७०. खिडकीतून पाहिलं. ७० म्हणजे खालचं अंगण. अंगणात कुणी नव्हतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी खाली जाऊन कुसाबाईंना सरळ विचारलं, नवऱ्याचा फोन कुणाला दिलाय? त्यांनी कपाटातून काढून हातात ठेवला. बॅटरी फुगलेली, वेगळी काढून ठेवलेली. फोन ठार मेलेला. मी म्हटलं, चारपर्यंत माझ्याकडे राहू द्या.

चारला टेबलावर तो मेलेला फोन, शेजारी लॅपटॉप. यादीत देवराम आला. ५२. म्हणजे जिना.

मी घाबरलो नाही. तांत्रिक गोष्टींना तांत्रिकच कारण असतं. फोन परत नेऊन दिला तेव्हा कुसाबाईंनी विचारलं, सांगितलं का ह्यांना? वर निघून आलो. असल्यांच्या नादी लागलं तर आपणच खुळे होतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आमच्या सुरक्षा विभागातली दिशा नावाची पोरगी, अनुभव जेमतेम दोन वर्षांचा. तिनं विचारलं, तुमच्या किल्लीनं दोन जण आत कसे? दोघंही एकाच खोलीतून. म्हणाली, शुक्रवारच्या आत मिटवा, पुढचं माझ्या हातात नाही. मी तिला झापलं.

मग चारची मीटिंग. व्हिडिओत मागची खोली धूसर करून ठेवतो. त्या सोयीला माणूस ओळखता येतो. माणूस तेवढा स्पष्ट ठेवते आणि बाकीचं पुसते. आज तिनं मला स्पष्ट ठेवलं आणि माझ्या उजव्या खांद्यामागची आणखी एक आकृती. टोपी, खांदे. तोंडाच्या जागी भिंत दिसत होती.

दिशा म्हणाली, हर्षल सर, काका बसलेत का मागं? नमस्कार सांगा.

मागं कुणी नव्हतं. लॅपटॉप मिटला. आकडा ३०.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

१६ ऑक्टोबर

काल रात्री झोप नाही. किल्ली बदलली. त्याच्याकडे नवीही आहे. बोळाच्या आत बसलाय. मीच बांधलेल्या —

खंडेराव दारात येऊन म्हणाले, दादा, अजून वेळ हाय, उघडा, तो लय चांगला माणूस होता. होता म्हणे! त्यांना हाकललं. उघडलं तर उद्या एकोणीस परके फोन, नोकरी गेलीच. एका अडाणी मेलेल्या माळ्यासाठी मी —

चार वाजले. आकडा १२. डब्यात आणि माझ्यात हातभर अंतर आहे. तो मधे आहे.

१७ ऑक्टोबर

३.४० — उघडतो. गेली नोकरी खड्ड्यात.

३.४६ — पासवर्ड चुकीचा म्हणतंय. माझाच पासवर्ड. तीनदा टाकला. डब्याचं मागचं बटण दाबलं. वायर उपटली. दिवा जळतोच आहे.

३.५५ — दार उघडत नाही. कडी काढलेली आहे, तरी —

४.०० — खाली नवसाबाई ओरडली, लागला गं, लागला! सगळ्या विहिरीपाशी. पोरांशी बोलताहेत, हसताहेत. यादीत एकोणीस नावं. मी उघडलेलं नाही.

त्यात माझं नाव नाही. ना लॅपटॉप, ना फोन.

खिडकीतून हाका मारल्या. वीस पावलांवर बायका. एकीनं मान वर केली नाही. कुसाबाईंनी केली. हात जोडले. माझ्याकडे नाही — माझ्या जरा उजवीकडे बघून. डोळे पुसले.

दिशाचा फोन लागत नाही. कुणाचाच —

यादीच्या तळाशी नवी ओळ. हर्षल, परवानगी मागत आहे. नाकारली. मागत आहे. नाकारली. मी कशालाच हात लावलेला नाही.

आईशी बोलायचंय. एकदाच. मोठ्यानं म्हटलं मी — पासवर्ड सांगा. हात जोडले. मी, हात —

कानाशी आवाज. शांत. जराही राग नाही त्यात. पासवर्ड नाय रे बाबा. नुसतं ये.

खिडकीकडे दाखवतोय.

मी नाही जाणार. पाय — विहीर इतकी जवळ कधी होती, खिडकीला टेकून, पाणी दिसतंय, मी अजून खोलीतच, पेन धरलंय, दोन्ही पाय कठड्याव