शेवटच्या नावाची चौकट

४ जानेवारी १९९९
आजपासून रोज लिहिणार. पहाटे व्यायामही.
यावलला छाया पाहून आलो. बी.एस्सी. करते, हसते छान. मला पसंत! तिचे वडील जीवराम नाना आणि त्यांचे चार भाऊ, केळीवाले, धंदा एकत्र. लोटन आबा सगळ्यांत मोठे. त्यांचा होकार म्हणजे लग्न. आबा म्हणाले, पोरगा जळगावात कॉम्प्युटर क्लास चालवतो म्हणजे नेमकं करतो काय, ते आधी दाखव. दाखवतोच. त्यांच्या धंद्याचं वेब पेज करणार.

९ जानेवारी, दुपारी
व्यायाम थंडी कमी झाल्यावर.
पेजवर पाच भावांची यादी. लोक बसतात एकेक नाव रंगवत. मी नियमच लिहिला: यादीत पहिला तो मोठ्या अक्षरांत लाल, मधले एकाआड एक पिवळे-हिरवे, शेवटच्याला काळी चौकट, म्हणजे यादी संपली. नाव कोणाचंही असो, जागा बघून रंग लागतो. मानपानाची भानगड नको म्हणून नावं वर्णानुक्रमे. याला डोकं लागतं.

१४ जानेवारी, संक्रांत
पाचही भाऊ जीपनं क्लासवर आले. तिळगूळ दिला, पेज उघडलं. वर लालभडक अभिमनकाका, वयानं सगळ्यांत धाकटे. तळाशी काळ्या चौकटीत लोटन आबा. आबांनी विचारलं, मी मेलो कधी रे भो? पेपरात अशी चौकट निधनालाच असते म्हणे. जुनी माणसं, डिझाइन कळत नाही. चहा न घेताच गेले.

१९ जानेवारी
आई पाच दिवस बोलत नाही. बोलेल.
नावं वयानं लावली. आबा आपोआप वर, आपोआप लाल! नियमाला हात लावला नाही. संध्याकाळी अभिमनकाका छायाला घेऊन पाहायला आले. त्या घरात माझी बाजू घेणारे तेवढेच. आता चौकटीत तेच. काका घाम पुसत म्हणाले, मला तर दोन लहान पोरं आहेत. छाया हळूच म्हणाली, ती चौकटच काढून टाका ना. भोळी आहे. एका माणसापायी नियम मोडायचा? लग्नानंतर शिकवीन.

२६ जानेवारी
रात्रभर विचार केला. यादीत सहावं नाव घातलं: रुपचंद, नियोजित जावई. चौकट माझ्यावर! पाचही भाऊ सुखरूप, नियमही शाबूत. असा त्याग कोण करतो? फ्लॉपी छायाच्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवली. तिथे कॉम्प्युटर आहे. लग्नाच्या हॉलचं विचारून ठेवतो.

१२ फेब्रुवारी
बसस्टँडवर अभिमनकाका भेटले. नजर चुकवत होते. म्हणाले, छायाचं भुसावळला ठरलं, मुलगा रेल्वेत आहे. पेज बाकी सगळ्यांना आवडलं, आबांनी दोनदा पाहिलं. फक्त ते शेवटचं नाव तेवढं काढ.
काढतो म्हणालो.
क्लासवर येऊन नाव खोडलं. चौकट परत काकांवर. मग चौकटीची ओळच खोडून टाकली. अर्धं मिनिट लागलं. छाया म्हणाली तेव्हाही तेवढंच लागलं असतं.