लाल रजई हा बावटा नसल्याबाबत

प्रति,
मा. पोलीस अधिकारी,
कोर्बर रस्ता ठाणे, बर्लिन.

विषय : खिडकीतील रजई निशाण समजली जात असल्याबाबत व आजारी पतीच्या सोयीबाबत.
संदर्भ : निवडणुकीआधी आपल्या ठाण्याने दिलेली, लाल बावटा उतरविण्याची नोटीस.

महोदय,

अर्जदार ओटिली क्रुश्के ही कोर्बर रस्त्यावरील चाळीत, मागच्या चौकात, तिसऱ्या मजल्यावर पती एमील यांच्यासह राहते. एमील लेथवर काम करीत. कारखाना बंद पडल्यापासून ते बेकार आहेत आणि छातीने आजारी आहेत. खोलीच्या भिंती पाझरतात. अंथरुणाला रोज वारा दिला नाही तर हा माणूस हिवाळा काढणार नाही, असे डॉक्टरांनी अर्जदारास तोंडावर सांगितले आहे.

२. खिडकीत रजई टाकणे हा गुन्हा नव्हे. सगळे बर्लिन टाकते. रजईतली पिसे धरून ठेवणारे आतले कापड सगळ्यांचेच लाल असते, हे आपल्या घरीही पाहता येईल. इतरांच्या रजईवर पांढरी खोळ असते. अर्जदाराने ती बटाट्यांसाठी विकली.

३. त्यावरून तपकिरी सदऱ्यांच्या पोरांनी चौकातून दगड मारले. काच फुटली, रजई फाटली. वरच्या मजल्यावरच्या पानविट्सबाई लाल बावट्याच्या. त्यांनी पाठ थोपटून सूप पाठवले. अर्जदाराने ते निमूटपणे एमीलना पाजले. अर्जदाराची राजकीय मते विचाराल तर ती एवढीच आहेत.

४. फाटलेल्या जागी ठिगळ लावणे भाग होते. घरात एमील यांच्या जुन्या सदऱ्याचा पांढरा तुकडा आणि काळा दोरा होता. भोक मधोमध, म्हणून ठिगळ मधोमध. पिसे निसटू नयेत म्हणून फुलीचे जाड टाके. महोदय, अर्जदार खिडकीच्या आत उभी होती. खालून ते हुबेहूब तपकिरी मंडळींचे स्वस्तिकाचे निशाण दिसते, हे तिला कसे कळावे? दुसऱ्या दिवशी तीच दगडवाली पोरे हात वर करून सलाम ठोकून गेली. पानविट्सबाई दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं सूप आता त्यांच्याकडूनच आण." तेव्हापासून जिन्यात अर्जदाराशी कोणी बोलत नाही.

५. ठिगळ उसवावे तर दगड, ठेवावे तर वाळीत, रजई आत घ्यावी तर ओल. उलटी टाकून पाहिली. ती बाजूही लालच आहे. रखवालदार झाबेल यांनी रजई रंगवून घ्या असे सुचविले. कोणत्या रंगात, ते त्यांनाही सांगता येईना. या शहरात बिनपक्षाचा रंग उरला आहे कुठे?

६. नोटीस न पाळणाऱ्यास अटक होईल असे आपण लिहिले आहे. तुरुंगाच्या दवाखान्यात शेगडी असते व भिंती कोरड्या असतात, असे झाबेल सांगतात. ते तिथे राहून आले आहेत. सबब एमील स्वखुशीने कबूल करतात की रजई हे निशाणच होते व ते त्यांनीच लावले. कोणाचे, ते आपण ठरवावे. खालची सही त्यांचीच आहे. हात थरथरतो म्हणून संशय घेऊ नये.

तरी त्यांना लवकरात लवकर अटक व्हावी, ही विनंती. जिना उतरणे त्यांना जमत नाही, म्हणून उचलण्यास दोन शिपाई पाठवावेत. पुरावा जप्त करताना तो आरोपीच्या अंगावरच राहू द्यावा.

शिपायांची वाट पाहणारी,
ओटिली क्रुश्के

कबूल : एमील क्रुश्के
बर्लिन, १४ नोव्हेंबर १९३२

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी.