पेटी सुटल्यावर

तीर्थरूप मामांच्या पायांशी, भाच्यांपैकी सर्वांत जास्त शिकलेल्या आणि म्हणूनच सर्वांत कमी उपयोगाच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग म्हटलं तरी तो मनोमनच समजावा. आठ अंगांतला उजवा गुडघा आणि आठांबाहेरची कंबर सध्या कामावर नाहीत. कारण पुढे येईल.) आपली तब्येत कशी आहे? मामींचा खोकला गेला का? आपल्या गुडघ्यांबद्दल विचारत नाही, कारण ती हकिकत आपण न विचारताही सविस्तर कळवता. विचारतो ते दुपारच्या झोपेबद्दल. ती शाबूत आहे ना? माझ्या सबंध आयुष्याची पायाभरणी आपल्या त्या झोपेवर झालेली आहे, त्यामुळे तिची चौकशी करणं हे मी भाच्याचं आद्य कर्तव्य समजतो.

आपल्याला आठवत नसेल, पण मला लख्ख आठवतं. सुट्टीत मी आपल्याकडे संस्कृतची शब्दरूपं घोकायला होतो. आपलं जेवण झालं होतं, डोळे मिटत होते, आणि मी द्विवचनाची गरजच काय, असं पुन्हापुन्हा विचारत होतो. तेव्हा आपण कोनाड्यातल्या लाकडी पेटीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, “हे बघ. अशी एक पेटी शोध की तिची लांबी, रुंदी, उंची पूर्ण आकड्यांत असेल. तिच्या प्रत्येक बाजूवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढलीस, तर तो कर्णही पूर्ण आकड्यात भरेल. आणि पेटीच्या पोटातून, खालच्या कोपऱ्यातून थेट समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणलीस, तर तीही पूर्ण. कुठेही अपूर्णांक नको. अशी पेटी शोधून आण, तोवर मी जरा पाठ टेकतो.” आपण पाठ टेकलीत. मी शोधायला बसलो. आपण उठलात, चहा घेतलात, फिरून आलात. मी अजून उठलेलो नाही.

जगातली भलीभली डोकी शतकानुशतकं या पेटीपायी शिणली आहेत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अशी पेटी कुणालाही सापडलेली नाही. आणि अशी पेटी असूच शकत नाही, हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने इथेच हात जोडले असते. मी मात्र हा नियतीचा संकेत समजलो आणि गणितात पदवी, मग आणखी एक पदवी, मग नोकरी अशी पेटीच्या मागे मागे वाटचाल केली. माझ्या लग्नात मामींनी हसत हसत सांगितलं, “अरे, तुला गप्प बसवायला दिलं होतं ते यांनी. यांना झोप येत होती!” तोवर उशीर झाला होता. (लग्नालाही आणि पेटीलाही.)

आता घरची रीत सांगतो, म्हणजे पुढचा अनर्थ कळेल. आपल्या भाचेसूनबाई हॉस्पिटलात मेट्रन आहेत हे आपण जाणताच. सबंध वॉर्ड त्यांच्या भुवईवर चालतो. घरात मात्र लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्या म्हणाल्या, “महिनाभर मामांकडे जाऊ या का? समुद्र आहे तिथे,” आणि मी म्हणालो, “जाऊ की. पेटी सुटल्यावर.” हे दोन शब्द मी सहज उच्चारले, पण ते घराला चिकटले. न्हाणीघराचा नळ गळतो? पेटी सुटल्यावर. रंग? पेटी सुटल्यावर. कन्येने बोबडं बोलायला लागल्यापासून मांजराचा हट्ट धरला होता. तिलाही हेच उत्तर. बिचारी बरीच वर्षं समजत होती की पेटी सुटणं हा उन्हाळ्यासारखा एक ऋतू असतो आणि तो आपल्याकडे जरा उशिरा येतो. पुढेपुढे तर सूनबाई शेजारणीलाही सांगू लागल्या, “पडदे ना? पेटी सुटल्यावर घेणार आहोत.” शेजारीण समजे, आमचं काहीतरी सामान कुठेतरी अडकून पडलंय.

आणि मामा, पेटी सुटली.

म्हणजे मला तसं वाटलं. अशी पेटी असूच शकत नाही, याची सिद्धता एका सकाळी दाढी करताना माझ्यापुढे आरशात उभी राहिली. ‘समजा, अशी पेटी आहे’ असं धरायचं, पुढे पुढे जायचं, आणि शेवटी एकच संख्या समही आहे आणि विषमही आहे अशा ठिकाणी पोचायचं. वदतोव्याघात! अर्ध्या दाढीनिशी मी लिहीत सुटलो. सगळं कागदावर उतरल्यावर खाली ‘इति सिद्धम्’ लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, “सुटली.”

सूनबाई डबा भरत होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले, आणि विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “नक्की.” त्या डबा तिथेच विसरून ड्यूटीवर गेल्या. त्या कधी काही विसरत नाहीत, मामा. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला मी प्रलय म्हटलं असतं, पण प्रलयाची इतकी पूर्वतयारी नसते. प्लंबर आला, रंगारी आला. कन्या नोकरीच्या गावाहून फोनवर म्हणाली, “बाबा, अभिनंदन! मग माझं मांजर?” आणि मी उत्तर देण्याआधीच शनिवारी मांजर घेऊन हजर झाली, ते आमच्याकडे ठेवून परतही गेली. (तिच्या घरमालकाला मांजर चालत नाही. मला चालतं का, हे कुणी विचारलं नाही.) आणि माझी खोली आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडण्यात आली. सूनबाईंचं म्हणणं असं, की पेटी सुटली तर खोली कशाला? त्यांना इतकी वर्षं ओट्याशी उभं राहून भिंतच दिसत होती; आता खिडकी दिसेल. बिनतोड होतं. माझे सगळे कागद एकाच उंच कपाटात मावतील, असं ठरलं. त्या कपाटाचं रेखाचित्र मी स्वतः काढलं. जमिनीपासून छतापर्यंत माप घेतलं, एक बोटभर सूट सोडली, सुताराला आकडे दिले, आणि वर असंही सांगितलं की या घरात पेट्यांविषयी शंका काढायची नाही.

सुताराने काढली नाही. कपाट बरोब्बर त्या मापाचं झालं.

ते आडवं होऊन दारातून आत आलं, जमिनीवर निजलं, आणि हमालांनी ते उभं करायला घेतलं. वर वर वर आलं आणि छताला खट्‌कन टेकलं. तिरपंच. ना पुढे, ना मागे. मामा, आपण गणिताचे नाही, तरी एव्हाना आपल्या ध्यानात आलं असेल. निजलेलं कपाट उभं करताना ते मध्ये तिरपं होतं, आणि त्या वेळी त्याला छतापर्यंत जागा लागते ती उंचीएवढी नाही, कर्णाएवढी. ज्या इसमाने सबंध आयुष्य पेटीच्या कर्णांमागे घालवलं, तो आपल्या कपाटाला कर्ण असतो हे विसरला. रंगाऱ्यासकट सगळे माझ्याकडे बघत होते. सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “झोपेतसुद्धा कर्ण कर्ण करता हो तुम्ही.”

मी खांदा लावला. (कंबर तिथे गेली. गुडघा मांजर पायात आलं तेव्हा.) तेवढ्यात एक हमाल म्हणाला, “पाठीवरून होत नाही तर कुशीवरून उचलू का?” मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, “काही उपयोग नाही. तिकडूनही त्याचप्रमाणे.”

आणि त्याच शब्दापाशी मी थांबलो. कारण तिकडून त्याचप्रमाणे नव्हतं. उपयोग नव्हता हे खरं, पण तो कर्ण वेगळा, आणखी मोठा. एका बाजूचं कारण दुसऱ्या बाजूला जसंच्या तसं लागत नव्हतं. आणि ‘त्याचप्रमाणे’ हा शब्द मी नुकताच आणखी एका ठिकाणी लिहिला होता. पेटीच्या दोन बाजूंविषयी मी सगळं रीतसर सिद्ध केलं होतं, आणि तिसऱ्या बाजूपाशी, दाढीचा साबण वाळत आला म्हणून, लिहिलं होतं: ‘तिसऱ्या बाजूसही त्याचप्रमाणे.’ मामा, आपणच मला शिकवलं होतंत की जिथे ग्रंथाचा अर्थ सांगणारा टीकाकार ‘स्पष्टम्’ एवढंच लिहून पुढे जातो, तिथे त्याला स्वतःलाच काही कळलेलं नसतं, तिथे थांबावं. दुसऱ्यांच्या ग्रंथांत मी नेहमी थांबलो.

कपाट तसंच टाकून मी कागदांच्या ढिगाकडे गेलो. ते पान मांजराखाली होतं. मांजराला उठवलं. पाहिलं. तिसऱ्या बाजूस त्याचप्रमाणे नव्हतं. सम-विषमाचा सगळा डाव तिथे विस्कटत होता. पान होतं तिथे ठेवलं, त्यावर मांजर ठेवलं.

हमाल गेले. सूनबाईंनी चहा केला आणि त्या आडव्या कपाटावर बसल्या. खिडकीतून त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं. ज्या जागी इतकी वर्षं भिंत होती त्या जागेतून. त्यांची महिन्याची रजा मंजूर झाली होती. नोकरीत त्यांनी सलग इतकी रजा कधी मागितली नव्हती, म्हणून वरिष्ठांना वाटलं यांना काहीतरी गंभीर झालंय. मी मनात पुष्कळ प्रस्तावना जुळवल्या. एक तर मंगलाचरणासकट होती. पण तोंडातून आलं ते इतकंच, “अगं, पेटी सुटली नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “म्हणजे?”

“तिसरी बाजू राहिली.”

“दोन झाल्या ना पण?”

“दोन होऊन भागत नाही. एक जरी राहिली तरी काहीच झालं नाही.”

पुढे त्यांनी कप उचलला आणि उरलेला चहा इतक्या सावकाश संपवला, की रजा, भिंत, नळ, मांजर असं सगळं एकेक करून परत करावं लागेल, अशी मी मनाची तयारी केली. भिंत परत कशी बांधतात याचा विचारही सुरू झाला. मग त्या म्हणाल्या, “कुणाकुणाला माहीत आहे?” मी म्हणालो, “मला, तुला, आणि मांजराला.” त्या म्हणाल्या, “मग ऐका. नळ गळायचा थांबलाय, त्याला पेटीशी काही देणंघेणं नाही. खिडकीलाही नाही. इतकी वर्षं मी उगाच तुमच्या पेटीची वाट बघत बसले. यांचा संबंध काय होता?” मी म्हणालो, “तसा काहीच नव्हता.” “मग तसं सांगायचं नाही का तेव्हाच!”

मामा, सबंध आयुष्यात कुणी माझ्या कुठल्याही सिद्धतेतली चूक इतक्या थोड्या शब्दांत दाखवलेली नाही.

कपाटाचं विचाराल, तर ते अजून आडवंच आहे. पाय कापून उभं करता आलं असतं, पण सूनबाई म्हणाल्या, “राहू दे असंच, बसायला बरं पडतं.” त्यावर गादी घातली आहे. एका दारातून माझे कागद आत जातात, दुसऱ्यातून मांजर.

माझ्या व्याख्यानाचं मात्र व्हायचं ते झालं. सुटलेल्या पेटीवर मी कॉलेजात बोलणार म्हणून नोटीस लागलेली होती. विभागप्रमुख माझा जुना विद्यार्थी, त्याला खरं सांगितलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, “सर, हॉल घेतलाय, चहा सांगितलाय. दुसरं काही बोलता येईल का?” मी कपाटावर बोललो. फळ्यावर कपाट काढलं, छत काढलं, हमाल काढले. माझ्या कारकिर्दीतलं हे पहिलंच व्याख्यान, जे शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळलं. नंतर दोघांनी कपाटांची मापं विचारली.

असो. पत्र लांबलं. आपली झोपेची वेळ झाली असेल. मामींना नमस्कार सांगावा, आणि या पत्रातलं काहीही त्यांना वाचून दाखवू नये. त्या हसल्या की खोकला वाढतो.

आपला, तीन बाजूंपैकी दोन सिद्ध झालेला,
भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आम्ही दोघं येत्या रविवारी आपल्याकडे येत आहोत, महिन्याभरासाठी. हे आधी लिहिलं असतं तर आपण बाकीचं पत्र वाचलं नसतं. मांजर शेजारणीकडे ठेवणार आहोत. सूनबाईंना समुद्र दिसेल अशी खोली द्यावी. आणि कृपा करून मला कुठलाही नवा प्रश्न घालू नये.

ता. क. दुसरा. खिडकीपाशी एक लहानसं टेबल मिळालं तर बरं होईल. उगीच, पत्रं वगैरे लिहायला. यातलं सूनबाईंना काही बोलू नये. तिसऱ्या बाजूसंबंधी पहाटे एक विचार सुचला आहे. आता तीच एक राहिली आहे.

मामांना आणि मामींना माझा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून चार ओळी. टेबल खिडकीपाशी जरूर ठेवा, सकाळी बसू दे यांना. दुपारी तुम्ही झोपाल तेव्हा मात्र यांना माझ्याबरोबर समुद्रावर पाठवा. नुसतं चला म्हटलं तर येणार नाहीत. काहीतरी शोधून आणायला सांगा. तुमचं ऐकतात.