एग्बर्टची खोली

ग्रोनिंगन,
१२ मार्च १९७९

ति. एग्बर्ट यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखत असताना गोठ्यात जाऊ नकोस असं लिहून काही उपयोग नाही, तू जाणारच. आईला जाऊन परवा वर्ष झालं. फुलं ठेवून आले, तुझ्याही नावाची. एकोणीस वर्षं तिच्या हाकेकडे कान लावून काढली, त्यामुळे अजूनही बाजारातून आले की जिना धावत चढते. वर पोचल्यावर कळतं की घाई कुणालाच नव्हती.

पण आज लिहायचं कारण निराळं आहे. डोरीनवहिनी गेल्यावर तू लिहिलं होतंस की आता न्यूझीलंडमध्ये माझं काय उरलंय, परत येतो, आपण दोघं भावंडं एखाद्या खेड्यात राहू, फक्त झोपायची खोली तळमजल्यावर बघ. बघितली! ड्रेंटमध्ये एल्डरलो नावाचं गाव आहे. घर १९११ सालचं, विटांचं, दारात तीन ओक आणि माणसापेक्षा उंच बीचच्या झाडांचं कुंपण. मालकीण वुबिंगबाई, वय एकोणऐंशी. सहा मुलं त्या घरात वाढली. ती पांगली, नवरा गेला, आता त्या चर्चमागच्या वृद्धाश्रमात चालल्यात.

हेगचं एक जोडपंही घर मागत होतं, शनिवार-रविवारपुरतं. बाईंनी मला सरळ विचारलं की राहणार कोण. मी म्हटलं, मी आणि माझा भाऊ. भाऊ भांडकुदळ आहे का, असंही विचारलं. मी म्हटलं, आहे, शिवाय घोरतो. तेव्हा कुठे हसल्या आणि म्हणाल्या की मग तुम्हालाच देते, या घराला शांततेची सवय नाही.

एग्बर्ट, माझ्या एकटीला हे घर फार मोठं आहे. म्हणून एकदाच विचारते: नक्की येणार ना? तू हो म्हणालास तरच सही करते.

गुडघ्याला जप. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.

तुझी,
गेसीन


माटामाटा,
२ एप्रिल १९७९

चि. गेसीस,
अनेक आशीर्वाद.

हो, हो, हो. तीनदा लिहिलं, म्हणजे पुन्हा विचारायला नको. बेलाशक सही कर.

मी घोरतो ही बातमी अख्ख्या ड्रेंटमध्ये पसरवल्याबद्दल आभारी आहे. तुझं पत्र गोठ्यात गाईंनाही वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं पडलं की पोरगी बऱ्याच वर्षांनी हसलेली दिसते.

कुंपणाच्या आत ऊन कुठल्या बाजूला येतं ते कळव. तिथे घेवडा लावू. वेलांना बांबू नकोत, हेझलच्या काठ्या लाव, बाबा लावायचे तशा. सप्टेंबरात निघेन म्हणतो.

शर्लीला दिवस गेलेत. लेक आई होणार, मी आजोबा होणार, या वयात आणखी काय व्हायचं!

आपला लोभ आहे तसाच राहो.

तुझा,
एग्बर्ट


एल्डरलो,
२४ जून १९७९

ति. एग्बर्ट यास,
सा. न. वि. वि.

घर आपलं झालं. नोटरीने कागद इतक्या भरभर वाचला की मला फक्त आपलं आडनाव कळलं. वुबिंगबाईंनी किल्ली दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कॉफीला हजर! सवयीने पाय इकडेच वळले म्हणाल्या. तेव्हापासून दर गुरुवारी येतात, सांडशीपासून शिडीपर्यंत मी काय कुठे ठेवलंय ते बघतात आणि चुकलंय म्हणतात.

इथल्या रीतीप्रमाणे शेजाऱ्यांना बोलावलं. खुर्च्या गोलात मांडून चौदा माणसं बसली, आणि पहिला अर्धा तास सगळी नुसती कॉफी ढवळत होती. मग समोरच्या हार्म ऊस्टिंगने विचारलं की भाऊ केव्हा येतोय. ठरलंय असं, की दारावर हिरव्या फांद्यांची स्वागताची कमान बांधायची ती तू आल्यावरच. एकट्या बाईसाठी कमान बांधली तर लोक काय म्हणतील, असं हार्म म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

तुझी खोली पूर्वेची. मी स्वतः रंगवली, फिकट पिवळी. काठ्या हेझलच्याच लावल्यात.

दिवसभर काम असतं. संध्याकाळी मात्र ओकच्या पानांखेरीज काही ऐकू येत नाही. शहरात वरचे लोक खुर्च्या सरकवायचे, त्याचा मला किती राग यायचा!

तारीख कळव. वाट बघत्येय, लोभ वाढव.

तुझी,
गेसीन


माटामाटा,
१९ ऑगस्ट १९७९

चि. गेसीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत चार ओळी. शर्ली सप्टेंबरात बाळंत होईल, आणि गाईही नेमक्या याच दिवसांत वितात. तेव्हा सप्टेंबर जमेलसं दिसत नाही. नव्या वर्षात बघू.

घेवडा किती वर गेला? पिवळा रंग छान वाटला. हार्मला सांग, कमानीच्या फांद्या वाळू देऊ नकोस.

असाच लोभ असू दे.

तुझा,
एग्बर्ट


एल्डरलो,
२१ ऑक्टोबर १९७९

ति. एग्बर्ट यास,
सा. न. वि. वि.

नातीबद्दल अभिनंदन. तिच्यासाठी लोकरीचे मोजे वेगळे पाठवलेत.

घेवडा छपरापर्यंत गेला. एकटीने किती खाणार? बरण्यांत भरून ठेवला, चोवीस बरण्या झाल्या. आता पानं गळतायत. रोज सकाळी झाडते, दुपारपर्यंत वाट पुन्हा झाकलेली. त्यात एक बरं आहे, कुणी चालत आलं तर आधी आवाज येतो. पण गुरुवारखेरीज आवाज येत नाही.

एक सांगते, हसू नकोस. खाटकाने विचारलं की भाऊ आला का, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की येत्या आठवड्यात. त्याने दोन मोठे तुकडे बांधून दिले. मी ते घेऊन आले, दोन्ही शिजवले आणि एक वुबिंगबाईंच्या दारी नेऊन दिला. साठीला पोचलेली बाई, खाटकाशी खोटं बोलते!

मला आता घेवड्याबद्दल लिहू नकोस. तारीख लिही. नाहीतर खरं काय ते लिही.

तुझी,
गेसीन


माटामाटा,
११ नोव्हेंबर १९७९

प्रिय गेसी,

मी येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, शेवटी ठेवलं तर पुन्हा राहून जाईल.

डोरीन गेली तेव्हा येतो म्हणालो ते मनापासून होतं. पण मार्चात तुझा प्रश्न आला तोवर मन मागे फिरलं होतं. डोरीन इथल्या मातीत आहे, शर्ली दहा मैलांवर आहे. आणि खरं सांगायचं तर आईच्या आजारात एकोणीस वर्षं तोंड न दाखवलेला माणूस तुझ्यासमोर रोज जेवायला कसा बसणार? वर गुडघा घेऊन येणार, म्हणजे तुझ्या गळ्यात आणखी एक रोगी.

मग हो का म्हणालो? इतकी वर्षं तुझी पत्रं म्हणजे औषधं, कोळसा आणि जिना. त्या पत्रात तू मला भांडकुदळ म्हणालीस. वाटलं, नाही म्हटलं की हे हसणं इथेच थांबेल. म्हणून तीनदा हो लिहिलं. खऱ्या माणसाला एकदा पुरलं असतं.

घर विकायचं असेल तर हेगच्या लोकांना विचार. मला काय हवं ते बोल, पण पत्र बंद करू नकोस.

एग्बर्ट


एल्डरलो,
१४ जानेवारी १९८०

ति. एग्बर्ट यास,
सा. न. वि. वि.

दोन महिने उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही शेगडीत घातली. त्यांतलं तिसरं वाचायला मिळालं असतं तर तू गाईंना नक्की दाखवलं नसतंस.

आईच्या वेळी आला नाहीस ते मी गिळलं. पण तेव्हा निदान येत नाही असं लिहीत होतास. यावेळी मला न विचारता माझ्यावर दया केलीस, आणि त्या दयेच्या सात खोल्या मी झाडत्येय. तू नाही म्हणाला असतास तर मी रडले असते आणि शहरात एखादं छोटं घर बघितलं असतं. ते रडणं माझं होतं. तू कोण ते अडवणारा?

नव्या वर्षाच्या दिवशी शेजारी आले. बिस्किटाच्या सुरळ्या केल्या होत्या, आत साय भरून. हार्मने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझा भाऊ येणार नाही, कधीच. चौदा माणसं सुरळ्यांकडे बघत बसली. हार्म लाल झाला आणि उगीचच म्हणाला की साय चांगली घट्ट झालीय.

सगळे गेल्यावर वुबिंगबाई थांबल्या. म्हणाल्या की हे मला उन्हाळ्यातच कळलं होतं. येणारा माणूस आगगाड्या आणि पेट्यांबद्दल लिहितो. त्यांचा थोरला कॅनडातून अकरा वर्षं येतोच आहे. मी विचारलं, तुम्ही कधी त्याला बोलला नाहीत? तर म्हणाल्या, कशाला, पत्रं किती छान लिहितो तो.

एग्बर्ट, मला ते जमणार नाही. मला छान पत्र नको. गुडघा सुजला असेल तर सुजला लिही. एखाद्या दिवशी माझी आठवण आली नसेल तर तसं लिही, चालेल.

घर विकत नाही. यात शौर्य काही नाही, जाणार कुठे? मागच्या आठवड्यात माझा पलंग पिवळ्या खोलीत आणला. हार्मने आणि त्याच्या बायकोने उचलायला हात लावला. सकाळी ऊन थेट अंगावर येतं. ते बघून वाटलं, आठ महिने इतकी चांगली खोली रिकामी ठेवली. संध्याकाळ अजून जड जाते, ती जाईलच.

लोभ असावा असं यंदा मागत नाही. तो आहे, म्हणून तर इतका राग आला.

तुझी,
गेसीन

ता. क. तिकिटासाठी पोस्टात गेले होते. खिडकीत नवी मुलगी आहे, तिने पत्ता वाचून विचारलं की एवढ्या लांब कोण असतं. मी म्हटलं, माझा भाऊ तिथे राहतो. सत्तावीस वर्षं हे सांगताना मी 'सध्या' म्हणत आले. आज म्हटलं नाही.