तरंगंबाडीच्या परसातलं मीठ

बाबा,

काल मी तरंगंबाडीहून परत आले. हे गाव तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुमच्या सगळ्या बदल्या कोरड्या मुलखात झाल्या, आणि समुद्र तुम्ही पाहिलात तो दादरला, चैत्यभूमीच्या गर्दीत, माणसांच्या डोक्यांवरून दिसला तेवढाच. तरंगंबाडी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहे. पाण्याच्या अगदी काठाशी डॅनिश लोकांनी बांधलेला जुना किल्ला, गावात शिरताना एक पांढरा दरवाजा, आणि आत जाड खांबांच्या ओसऱ्या असलेली बुटकी, ऐसपैस घरं. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात असलेली तुमची नात आता तिथे राहते. जुन्या इमारती पाडायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या, असं तिचं काम आहे.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती तिला परत आणायला. तिचं लग्न मोडलं होतं. त्यानंतर ती काही महिने कोथरूडला आमच्याकडे होती. खोलीचं दार लावून बसायची, जेवायला हाक मारली की यायची. मग एका सकाळी चहा पिताना म्हणाली, "तिकडे काम मिळालंय, जातेय." मला ते पळून जाणं वाटलं. लिफ्टमध्ये शेजारणी विचारायच्या, "लेक हल्ली दिसत नाही?" आणि मी मजल्यांचे आकडे बघत बसायचे. शेवटी रजा टाकली, डिंकाचे लाडू केले, नर्सरीतून गुलाबाची दोन कलमं घेतली आणि निघाले. स्टेशनवर सोडायला आलेले तुमचे जावई म्हणाले, "लाच द्यायला गुलाब बरे आहेत. पण ती माझ्यावर गेलीय, घ्यायची नाही." चेन्नईपर्यंत एक गाडी, पुढे दुसरी, मग बस. सगळा वेळ ती कलमं मांडीवर.

तिचं घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत. कौलारू, भाड्याचं. मालक चेन्नईत राहतो आणि चांगलं गिऱ्हाईक आलं की घर विकणार असं त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. मागे मोठं परस, वाळूच जास्त, माती नावाला. ती सकाळी उजाडलं की तिथे उतरायची. काथ्याचा भुसा आणि शेणखत मिसळायचं, वाऱ्याच्या बाजूला कण्हेरीची रांग लावायची, तिच्या आडोशाला मोगरा, पपई, केळी. माझ्या गुलाबांना तिनं जागा दिली, पण खाऱ्या वाऱ्यानं आठवड्याभरात त्यांच्या पानांच्या कडा जळल्या. मी तिला म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात कशाला गं एवढं मरमर करतेस? उद्या तो विकेल आणि हात हलवत बाहेर पडशील." ती वर न बघता म्हणाली, "हो. पडेन." एवढंच.

त्या दिवशी ओसरीवर बसून मला आपलं क्वार्टर आठवलं, पुण्यातलं, तुमच्या शेवटच्या पोस्टिंगचं. मागच्या हातभर जागेत तुम्ही पेरू लावला होतात, सीताफळ, जाई, आईसाठी गवती चहा. ऑफिसातून आलात की शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि बनियनवर बागेत. मी बादली उचलून भस्सकन ओतली की तुम्ही हात धरायचात. "पाणी घालणं म्हणजे बादली उपडी करणं नव्हे." तुमच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या माणसांना चढू देत नसत, वरून कुणी ओंजळीत ओतेल तेवढं आपलं, हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही मी कॉलेजात गेल्यावर. दारात झाड ठेवायचं म्हणजे त्याला पाजायचं काय, हा तुमच्या घरातला प्रश्न होता. निवृत्त झालात आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. ट्रक दारात, आई भांडी बांधतेय, आणि मी पेरूवर चढून कच्चे पेरू ओरबाडत होते, कुणा परक्याला का मिळावेत म्हणून. तुम्ही खाली उभे राहून शांतपणे म्हणालात, "उतर. येणाऱ्याला काय दगड खायला ठेवायचे?" मग आळ्यात पाणी सोडलंत आणि ते मुरेपर्यंत ट्रकवाल्याला थांबवलंत. तो वैतागला होता. मीही.

तर तिथे मी आठवड्यासाठी गेले आणि महिना उलटला तरी तिथेच होते. बोलणं व्हायचं ते भाजीचं, पाण्याचं, घरी कधी चलतेस याचं. लग्नाचा विषय काढला की ती खुरपं घेऊन मागे जायची. मग डिसेंबरात वादळ आलं. ते थेट आमच्यावर नव्हतं, पण समुद्र गल्लीत शिरला. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात, शाळेत शिकवायच्या. तंजावरच्या मराठ्यांपैकी, घरात अजून मराठी बोलतात. ते मराठी ऐकलं की जुन्या पेटीतलं लुगडं उलगडल्यासारखं वाटतं. निम्मं कळतं, पण वास ओळखीचा. त्यांनी आम्हाला आपल्या माडीवर नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं तेव्हा आम्ही खाली आलो.

परसात घोटाभर चिखल होता. केळी आडव्या. मोगरा उकडलेल्या पालेभाजीसारखा. पुढच्या दोन दिवसांत ऊन पडलं आणि मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा आला. लेक मागच्या पायरीवर बसून राहिली. तिचे हात मांडीवर उताणे पडलेले होते. कोर्टातून परत आली त्या दिवशीसुद्धा ती अशी बसली नव्हती. म्हणाली, "चल आई. तू म्हणतेस तसं. येते पुण्याला. तिकीट काढ."

बाबा, याच वाक्यासाठी मी महिनाभर तिथे तळ ठोकून होते. मोबाइल माझ्या हातात होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्याकडे बघताना मला स्वच्छ दिसलं की ही आता पुण्याला आली तर परत त्या खोलीत जाऊन दार लावेल, आणि मी बाहेरून जेवायला हाका मारत राहीन. ती येत नव्हती. ती हरत होती. आणि मी म्हणाले, माझं मलाच नवल वाटावं अशा आवाजात म्हणाले, "तिकिटाचं मागाहून बघू. आधी हे मीठ काढायला हवं. ऊठ."

"कशाला? घर दुसऱ्याचं आहे."

"असू दे. माती अशी टाकून जायची नाही."

शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "रडू नको, पोरी. गोडं पाणी दे तिला, पुष्कळ दे." आम्ही वरचा पापुद्रा खरवडून पाट्या भरभरून बाहेर टाकला. उतारानं चर खणले. गोड्या पाण्याचा टँकर मागवला, आणि पाणी सोडायचं, मुरू द्यायचं, चरातून वाहू द्यायचं, पुन्हा सोडायचं, असं कितीतरी दिवस चाललं. पाण्याची नळी धरून उभं राहायचं म्हणजे हातांना काम आणि डोळ्यांना एकमेकींकडे बघायची गरज नाही. तशातच एका सकाळी ती बोलायला लागली. नवरा तिला कधी ओरडला नाही, त्यानं कधी मारलं नाही. फक्त ती खोलीत आली की त्याचं बोलणं थांबायचं. हे कुणाला सांगणार, कारण म्हणून कोण ऐकून घेणार, असं तिला वाटत राहिलं. "तुलासुद्धा कारण वाटलं नसतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "आता वाटतंय." तिनं नळी दुसऱ्या वाफ्यात वळवली. कण्हेर तेवढी जगली होती. तिच्या बुंध्याशी फुटवा दिसला तेव्हा आम्ही दोघी वाकून बघत राहिलो, आणि लेक हसली, मोठ्यानं, लहानपणी हसायची तशी.

नंतर आम्ही कोपऱ्यात उंडीचं रोप लावलं. तिकडे तिला पुन्नै म्हणतात. खारं वारं सोसते, पण वाढते इतकी सावकाश की सावली नातवंडांनी बघावी. रात्री फोनवर तुमचे जावई म्हणाले, "आणायला गेली होतीस ना? की तिथेच नोकरी धरलीस?" मी एकटीच परतले.

त्याला बरीच वर्षं झाली. आता मी निवृत्त झालेय, घरी बाल्कनीभर कुंड्या लावल्यात, आणि वर्षातून दोनदा तिकडे जाते. मालकानं घर विकलं. नव्या माणसानं तिथे प्रवाशांसाठी खोल्या केल्या, पण परस ठेवलं. लेक त्याच गावात दुसऱ्या गल्लीत राहायला गेली. तिथलं अंगण आणखी खारट आहे, आणि ती त्याच्या मागे लागलीय. या वेळी आम्ही जुन्या घरावरून गेलो तर उंडी भिंतीच्या वर आली होती. पाहुणे तिच्याखाली खुर्च्या टाकून कॉफी पीत होते. आम्हाला कुणी ओळखलं नाही. आम्ही तशाच पुढे किल्ल्यापर्यंत गेलो.

हे पाकिटात घालून कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. टेबलाच्या खणात राहील. पण एक सांगायचं होतं. लोक विचारतात, हा बागेचा नाद कुठून लागला, तर मी ऐटीत सांगते, वडिलांची आठवण म्हणून करते. ते तितकंसं खरं नाही. मीठ धुतलं त्या सगळ्या दिवसांत मला तुमची एकदाही आठवण झाली नाही, बाबा. पाणी वाहत होतं, हात चिखलात होते आणि लेक बोलत होती. मला सवडच नव्हती.